भक्कम गाडी, नाजूक माणूस

भंगारात निघालेल्या एखाद्या देखण्या जुन्या मोटारीचा फोटो कुणी दाखवला की दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. एक, "काय गाडी होती!" आणि दुसरं, "तेव्हाचा पत्रा बघा, आताच्या गाडीला बोटाने दाबलं तरी पोचा पडतो." पहिल्या वाक्याशी माझं भांडण नाही. 1959 च्या कॅडिलॅकचे मागचे उंच पंख कसलंही काम करत नव्हते, निव्वळ ऐट म्हणून होते, आणि तशी ऐट आता कुठलाही कारखाना करणार नाही. दुसरं वाक्य मात्र तसंच सोडून देता येत नाही. त्याची परीक्षा झालेली आहे.

अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या पैशावर चालणारी रस्ता-सुरक्षेची एक संस्था आहे, इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी. 2009 साली तिला 50 वर्षं पूर्ण झाली. त्या निमित्ताने तिने 1959 ची शेवरले बेल एअर आणि 2009 ची शेवरले मालिबू समोरासमोर आणून एकमेकींवर आदळवली. दोन्हींचा वेग ताशी 64 किलोमीटर, टक्कर नाकाच्या पूर्ण रुंदीवर नाही, चालकाच्या बाजूला. लांबीला बेल एअर सरस, वजनात फारसा फरक नाही. जाड पत्र्याच्या भक्तांनी पैज लावावी असाच हा सामना.

धडकेचं चित्रण सावकाश पाहिलं तर बेल एअरचं नाक दबतं आणि तिथे थांबत नाही. समोरच्या काचेला धरून ठेवणारा खांब मागे दुमडतो, छताला घडी पडते, दार उघडतं, आणि डॅशबोर्डासकट स्टिअरिंग चालकाच्या अंगावर येतं. तिथे खरा माणूस असता तर तो जिवंत राहिला नसता. मालिबूचं नाक पार चुरगळतं, पण काचेपासून मागचा भाग जवळजवळ जसाच्या तसा राहतो. तिच्या चालकाला पायाची किरकोळ दुखापत झाली असती, एवढंच.

चित्रण बाहेर पडताच हळहळणाऱ्यांनी आक्षेप काढले. एक चांगली गाडी उगाच मारली, हा पहिला, आणि तो मला मान्य आहे. इंजिन काढून घेतलं असणार, हा दुसरा. गाडी गंजलेली होती, धडकेत लालसर धुरळा उडाला तो गंजच, हा तिसरा. प्रत्यक्षात सहा सिलिंडरचं इंजिन जागेवर होतं, सांगाडा धड होता, आणि तो धुरळा वर्षानुवर्षं कानाकोपऱ्यांत साठलेल्या रस्त्यावरच्या मातीचा होता.

मग जाड पत्रा गेला कुठे? मुळात पत्र्याच्या जाडीवर जीव अवलंबून नसतोच. ताशी 64 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास 18 मीटर. गाडी थांबली तरी आतला माणूस त्याच वेगाने पुढे जात राहतो, कशावर तरी आपटेपर्यंत. त्याचं थांबणं किती अंतरात होतं यावर सगळं ठरतं. 10 सेंटिमीटरमध्ये थांबला तर शरीरावर गुरुत्वाच्या सुमारे 160 पट झटका बसतो. 70 किलोच्या माणसासाठी हा 11 टनांचा भार झाला. तेच थांबणं 65 सेंटिमीटरमध्ये पसरलं तर झटका 25 पटींवर येतो. वेगात आलेला चेंडू झेलताना आपण हात मागे घेतो, त्यातला हिशेब हाच. गाडीचं नाक चुरगळतं तेव्हा ते माणसासाठी हे अंतर विकत घेत असतं, आणि सीटबेल्ट माणसाला गाडीशी बांधून त्या अंतराचा फायदा त्याला मिळवून देतो. बेल्ट नसेल तर नाक कितीही छान चुरगळो, माणूस डॅशबोर्डावर जाऊन अवघ्या काही सेंटिमीटरमध्ये थांबणार.

म्हणजे गाडी दोन भागांत दोन स्वभावांची हवी: पुढे नरम, मध्ये कडक. ही कल्पना मर्सिडीजमध्ये काम करणाऱ्या बेला बारेनी या अभियंत्याची. तिचं पेटंट त्याने 1951 मध्ये मागितलं, आणि 1959 मध्ये तशी गाडी बाजारात आली. बेल एअरही नेमकी त्याच वर्षीची, हा योगायोग मला फार बोलका वाटतो. तिच्या खाली इंग्रजी एक्स अक्षरासारखी चौकट होती. दोन्ही कडांना, म्हणजे दारांच्या खाली, तिचे दांडे जातच नव्हते. कंपनी या चौकटीची जाहिरात 'सेफ्टी-गर्डर' म्हणून करायची!

पोच्याचीही एक गंमत आहे. आजच्या गाडीच्या बाहेरच्या पत्र्याला पोचा पडतो हे खरंच; तो पत्रा धडक सोसण्यासाठी नसतोच. सोसण्याचं काम आतल्या खांबांचं. तिथलं बोरॉन मिसळलेलं पोलाद सुमारे 900 अंशांपर्यंत लालबुंद तापवतात आणि साच्यात दाबता दाबताच थंड करतात. साध्या मऊ पोलादाच्या चार-पाच पट ताण ते सहन करतं. पण ते असतं रंगाच्या आणि प्लास्टिकच्या आड, बोटाला लागत नाही. हाताला जे जाणवतं त्यावरून आपण भक्कमपणा ठरवतो, आणि नेमकं जे महत्त्वाचं तेच हाताला जाणवत नाही.

दाराचंही तसंच. जुन्या गाडीचं दार 'धप्प' बंद होतं, तो आवाज ऐकून लोक आजही हरखतात. पण त्या दारांची कुलुपं धडकेत सुटायची आणि माणसं बाहेर फेकली जायची. ह्यू डीहेव्हन हा पहिल्या महायुद्धाच्या काळात वैमानिकाचं प्रशिक्षण घेताना विमान-अपघातातून वाचला, आणि आपण का वाचलो हा प्रश्न त्याने पुढे आयुष्यभर धरून ठेवला. कॉर्नेल विद्यापीठात त्याच्या पुढाकाराने अपघातांच्या नोंदी जमा होऊ लागल्या. बाहेर फेकलं जाणं किती जीवघेणं असतं हे त्यांतूनच पुढे आलं. तोवर "गाडीतून बाहेर उडाला म्हणून वाचला" हे समाधानाने सांगितलं जायचं.

जॉन स्टॅप हा अमेरिकी हवाई दलातला डॉक्टर तर स्वतःवरच प्रयोग करायचा. डिसेंबर 1954 मध्ये रॉकेटच्या गाडीत स्वतःला पट्ट्यांनी बांधून त्याने ताशी सुमारे 1,000 किलोमीटरचा वेग गाठला आणि दीड सेकंदाच्या आत तो थांबला. झटका गुरुत्वाच्या 46 पट. डोळ्यांत रक्त उतरलं, पण माणूस वाचला. नीट बांधलेलं शरीर किती सोसू शकतं ते त्याने दाखवून दिलं, आणि मग मोटारीत पट्टे हवेत म्हणून तो मागे लागला. 1959 मध्ये व्होल्व्होच्या निल्स बोहलिनने तीन टोकांना बांधला जाणारा आजचा पट्टा बनवला. कंपनीने ते पेटंट इतर सर्वांना वापरू दिलं.

म्हणजे 1959 पर्यंत महत्त्वाचं ज्ञान तयार होतं. अडलं होतं ते मनात. अपघात हा चालकाचा दोष, त्याला शिकवा, दंड करा, गाडीत काय चूक असणार, ही त्या काळची धारणा. चालक चुकणारच, तर चुकीची शिक्षा मरण नसावी अशी गाडी बनवा, हा विचार मागून आला. अमेरिकेत मोटारसुरक्षेचा कायदा 1966 मध्ये झाला. पट्टा लावण्याची सक्ती पहिल्यांदा ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने 1970 मध्ये केली. ब्रिटनला त्यासाठी 1983 उजाडलं. सक्तीला ठिकठिकाणी विरोध झाला, आगीत अडकून मरू, पाण्यात बुडून मरू, ही भीती पुढे करून. 1966 मध्ये अमेरिकेत गाड्यांच्या दर 10 कोटी मैल प्रवासामागे साडेपाच माणसं मरत होती, 2019 मध्ये साधारण 1.1. यात रस्ते, रुग्णवाहिका, दारू पिऊन गाडी चालवण्याविरुद्धचे नियम यांचाही वाटा आहे, सगळं श्रेय गाडीला देऊ नये.

उत्पादकांची मनंही अशीच वळली. 1997 मध्ये युरो एनकॅप या युरोपातल्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेने धडक-चाचण्यांचे तारे, म्हणजे सुरक्षेचे गुण, जाहीर करायला सुरुवात केली तेव्हा चार तारे कुठल्याच गाडीला मिळू शकत नाहीत, अशी ओरड कंपन्यांनी केली. त्याच वर्षी जुलैमध्ये व्होल्व्हो एस 40 ने ते मिळवले. 2001 मध्ये रेनो लगूनाने पाच.

एवढं सगळं माहीत असूनही जुन्या गाडीचा ओढा जात नाही, आणि त्यालाही कारणं आहेत. दहा ते तीस या वयातल्या आठवणी माणसाला पुढे सर्वांत जास्त आठवतात, हे मानसशास्त्रात पुन्हा पुन्हा दिसलं आहे. शिवाय आठवणीतली कटू भावना गोड भावनेपेक्षा लवकर विरते. उन्हात बंद पडलेली गाडी ढकलताना आलेला वैताग विरतो, खिडकीतून येणारा वारा उरतो. वासाचं तर विचारूच नका. तापलेलं रेक्झिन, तेल आणि पेट्रोल यांचा तो घमघमाट कुणाला लहानपणात नेऊन सोडतो. रसायनशास्त्राच्या नजरेने पाहिलं तर कार्ब्युरेटरमधून, म्हणजे पेट्रोलमध्ये हवा मिसळणाऱ्या भागातून, उडणारी वाफ आणि अर्धवट जळालेलं इंधन नाकात जात होतं, त्यात कर्करोगाला कारण ठरणारं बेंझिनही आलं. आणि ज्यांच्यासाठी ती गाडी शेवटची ठरली ते आठवणी सांगायला नाहीत, ही गोष्ट अशा गप्पांमध्ये सहसा निघत नाही.

तरी हळहळणाऱ्यांची एक तक्रार मला पटते. 2009 मध्ये अमेरिकेने जुन्या गाड्या मोडीत काढायला पैसे दिले आणि सुमारे 6 लाख 77 हजार गाड्या संपवल्या. इंजिन पुन्हा वापरात येऊ नये म्हणून त्यातलं तेल काढून सोडियम सिलिकेटचं द्रावण भरायचे आणि इंजिन जोरात चालवायचे. उष्णतेने पाणी उडून जायचं, काचेसारखा थर बेअरिंगांवर धरायचा, आणि काही मिनिटांत इंजिन घरघरत जाम व्हायचं. 25 वर्षांपेक्षा जुन्या गाड्या योजनेत बसत नव्हत्या, त्यामुळे खऱ्या पुराणवस्तू सुटल्या. पण चालती इंजिनं मुद्दाम मारणं पाहवत नाही, मग हेतू कितीही चांगला असो. नव्या गाड्यांनीही काही गमावलं आहेच: खांब जाड झाले तसा कोपऱ्यावरचा पादचारी त्यांच्या आड दडायला लागला.

राखून ठेवलेली जुनी गाडी सुरक्षित करता येते का, असंही काही जण विचारतात. थोडीफार. ब्रेक आणि टायर आजच्या दर्जाचे घालता येतात, मानेमागे आधार बसवता येतो. पट्ट्याचं जरा अवघड आहे. खांद्यावरून येणाऱ्या पट्ट्याचं वरचं टोक ज्या खांबात अडकवायचं त्या खांबाला ते बळ नसेल तर धडकेत तोच उखडतो. फक्त कमरेचा पट्टा लावला तर माणूस बाहेर फेकला जात नाही, पण डोकं झुकून स्टिअरिंगवर आपटू शकतं, आणि त्या स्टिअरिंगमागे चालकाच्या छातीकडे रोखलेला अखंड लोखंडी दांडा असतो. दबून आखूड होणारा दांडा अमेरिकेत सर्रास आला तो 1967 च्या सुमारास. त्यामुळे अशी गाडी बाहेर काढायचीच असेल तर मोकळा रस्ता आणि कमी वेग निवडावा: वेग निम्मा केला की धडकेतली ऊर्जा एक चतुर्थांश उरते, आणि हा नियम 1959 च्या गाडीलाही तितकाच लागू आहे.