पासवर्ड मॅनेजर का आले? साठ वर्षांची पार्श्वभूमी

14 एप्रिल 2017 रोजी नागपुरात भीम-आधार या व्यवस्थेचा शुभारंभ झाला. दुकानात अंगठा टेकवायचा आणि पैसे द्यायचे. पासवर्डचा त्यात संबंधच नव्हता. आपल्याकडे सामान्य माणसाची ऑनलाइन सुरक्षितता अशीच पैशांच्या बाजूने वाढत गेली. 1 ऑगस्ट 2009 पासून रिझर्व्ह बँकेने इंटरनेटवरच्या कार्ड व्यवहारांना दुसऱ्या टप्प्याची खातरजमा सक्तीची केली, पुढे ओटीपी घराघरात पोचला, 2016 मध्ये यूपीआय आणि त्याचा पिन आला. बँकेचं दार त्यामुळे बरंच भक्कम झालं. ई-मेलचं मात्र कुणी बघितलं नाही, आणि जवळपास प्रत्येक खात्याची ‘पासवर्ड विसरलात?’ ही लिंक ई-मेलवरच येते.

नागपुरातलं सीताबर्डी असो की महाल, विद्यापीठाचे फॉर्म, शिष्यवृत्तीचे अर्ज, स्पर्धा परीक्षांची नोंदणी ही कामं वर्षानुवर्षं सायबर कॅफेत होत आली. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीहून शिकायला आलेल्या कितीतरी मुलांचा पहिला ई-मेल कॅफेवाल्या दादानेच काढून दिला आणि पासवर्डही त्यानेच सुचवला: स्वतःचं नाव आणि पुढे 123. मदत मनापासून केलेली असायची. पण तोच पासवर्ड मग नोकरीच्या पोर्टलवर, खरेदीच्या साइटवर, सगळीकडे चालत राहिला. खरं दुखणं इथे आहे. पासवर्ड सोपा असण्यापेक्षाही तो एकच असणं जास्त घातक, आणि पासवर्डचा इतिहास पाहिला की याचं कारण कळतं.

1960 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात फर्नांडो कॉर्बाटो यांच्या चमूने एकच संगणक अनेकांना वाटून वापरता येईल अशी सीटीएसएस ही प्रणाली उभी केली. प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या राहाव्यात म्हणून पासवर्ड आला. 1962 मध्ये ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला संगणकाचा वेळ कमी पडत होता. त्याने पासवर्डची अख्खी फाइलच छापून घेतली आणि इतरांच्या नावाने काम केलं. 1966 मध्ये तर एका गफलतीमुळे लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाच्या पडद्यावर स्वागताच्या संदेशाऐवजी सगळ्यांचे पासवर्ड उमटले. दोन्ही वेळा वापरणाऱ्यांकडून काहीच चुकलं नव्हतं. पासवर्ड फुटले ते जिथे साठवले होते तिथून.

यावर उपाय निघाला तो हॅशिंगचा: पासवर्ड जसाच्या तसा न ठेवता त्याचं असं गणिती रूप ठेवायचं, ज्यावरून उलटं मूळ शब्दाकडे येता येत नाही. बेल लॅब्स या संशोधन संस्थेतल्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी 1979 मध्ये युनिक्स या संगणक प्रणालीवरचा अनुभव लिहून काढला, त्यातला एक आकडा आजही अस्वस्थ करतो. त्यांनी गोळा केलेल्या 3,289 पासवर्डपैकी 2,831 म्हणजे 86 टक्के अगदी लहान तरी होते किंवा शब्दकोशातून सहज हुडकता येण्यासारखे. उलटं येता येत नसलं तरी अंदाजाने एकेक शब्द लावून पाहता येतोच. म्हणून प्रत्येक पासवर्डमध्ये वेगळी यादृच्छिक भर घालण्याची पद्धत त्यांनी आणली. तिला सॉल्ट म्हणतात; त्यामुळे एकच अंदाज सगळ्यांच्या पासवर्डवर एकदम लावून पाहता येत नाही.

तीस वर्षांनीही अनेक कंपन्यांनी हे पाळलं नाही. डिसेंबर 2009 मध्ये रॉकयू या कंपनीचे 3.2 कोटी पासवर्ड चोरीला गेले, तेही साध्या मजकुरात ठेवलेले. त्यात सर्वाधिक वापरलेला होता 123456. 2012 मध्ये लिंक्डइनचे हॅश चोरीला गेले, आणि त्यांना सॉल्ट लावलेलं नव्हतं. असा साठा हाती आला की चोर त्यातल्या ई-मेल आणि पासवर्डच्या जोड्या इतर शेकडो साइटवर यंत्राने लावून पाहतात. म्हणजे ज्या साइटचा आपल्याला विसरही पडलाय, तिथली चोरी आपल्या ई-मेलपर्यंत पोचते.

प्रत्येक खात्याला वेगळा, लांब पासवर्ड हवा हे उघड आहे, आणि ते माणसाच्या स्मरणशक्तीला झेपणारं नाही हेही तितकंच उघड आहे. त्यातूनच पासवर्ड मॅनेजर, म्हणजे आपले सगळे पासवर्ड एका कुलूपबंद यादीत सांभाळणारी आणि साइटवर भरून देणारी ॲप्स, आली. सुरक्षातज्ज्ञ ब्रूस श्नायर यांचं पासवर्ड सेफ 1997 मधलं, कीपास 2003 मधलं, बिटवॉर्डन 2016 मधलं. आपण लक्षात ठेवायच्या एकाच मास्टर पासवर्डपासून किल्ली तयार होते, तिने सगळी यादी कुलूपबंद होते, आणि नीट बांधलेल्या मॅनेजरमध्ये ती किल्ली कंपनीकडे जातच नाही. शिवाय बँकेसारखी दिसणारी खोटी साइट उघडली तर मॅनेजर पासवर्ड भरत नाही, कारण पत्ता जुळत नाही. माझ्या मते हा त्याचा सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी सांगितला जाणारा फायदा आहे.

धोका उरतोच. 2022 मध्ये लास्टपास या मॅनेजरच्या ग्राहकांच्या कुलूपबंद तिजोऱ्यांच्या, म्हणजे पासवर्डच्या याद्यांच्या, प्रतीच चोरीला गेल्या. ज्यांचा मास्टर पासवर्ड लांब होता ते पुष्कळसे सुरक्षित राहिले. ज्यांचा कमकुवत होता, त्यांच्या तिजोरीवर चोर निवांत अंदाज लावत बसू शकत होते. म्हणून हा एक पासवर्ड चार-पाच असंबद्ध शब्दांचा असावा आणि कागदावर लिहून घराच्या कागदपत्रांसोबत ठेवावा. आई-बाबांच्या पासवर्डच्या डायरीला नावं ठेवणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं: परदेशातल्या चोराला महालातल्या कपाटातली डायरी वाचता येत नाही.

दर काही महिन्यांनी पासवर्ड बदला, एक चिन्ह आणि एक अंक घाला, हा जुना सल्ला अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेच्या 2003 च्या मार्गदर्शिकेमुळे रूढ झाला. 2017 मध्ये त्याच संस्थेने तो मागे घेतला, लांबीवर भर दिला आणि पासवर्डच्या चौकटीत पेस्ट करू द्यावं असंही सांगितलं, म्हणजे मॅनेजर वापरणाऱ्यांची अडचण होऊ नये. आपल्याकडच्या कित्येक साइट आजही पेस्ट अडवतात. हे बदलायला हवं.

मे 2022 मध्ये ॲपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी पासकीला, म्हणजे पासवर्डऐवजी डिजिटल किल्ल्यांच्या जोडीने लॉगिन करण्याच्या पद्धतीला, एकत्र पाठिंबा जाहीर केला. यात साइटकडे फक्त सार्वजनिक किल्ली राहते, जी कुणाला कळली तरी बिघडत नाही. तिथून फुटावं असं गुपितच उरत नाही. खासगी किल्ली फोनमध्ये किंवा पासवर्ड मॅनेजरमध्येच राहते. मात्र ती उघडते फोनच्याच लॉकने, तेव्हा घरातल्या सगळ्यांना आणि मोबाइल दुरुस्तीवाल्यालाही ठाऊक असलेला चार अंकी पिन आधी बदलावा लागेल.