गंजलेल्या नांगराचे चित्र : पार्श्वभूमी

गंजका नांगर, पोचे आलेला हंडा, कल्हई उडालेले पातेले हे आज चित्रांचे नेहमीचे विषय वाटतात. त्यांना हा मान मिळायला फार काळ गेला. 1667 साली कलासमीक्षक फेलिबियाँने फ्रेंच कला अकादमीत चित्रप्रकारांची उतरंड मांडली, तेव्हा स्थिरचित्र, म्हणजे मांडून ठेवलेल्या निर्जीव वस्तूंचे चित्र, तळाला होते. त्याच अकादमीत 1728 मध्ये चित्रकार शार्दां दाखल झाला आणि स्वयंपाकघरातल्या साध्या भांड्यांवर त्याने नाव मिळवले.

आपल्याकडे हा प्रकार रुजला तो कलाशिक्षणातून. मुंबईचे जे. जे. स्कूल 1857 चे. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसलेल्या प्रत्येकाने वस्तुचित्र, स्थिरचित्र घोटलेले असते. त्यात भर असतो आकार आणि छायाप्रकाशावर. वस्तू कशी झिजली, हे कुणी विचारत नाही.

लक्ष्मणराव किर्लोस्कर याच जे. जे.त चित्रकला शिकायला गेले होते. रंग ओळखण्यात दोष निघाल्याने रंगकाम सोडून ते यांत्रिक रेखनाकडे वळले. 1910 मध्ये औंध संस्थानात, आजच्या सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी वसली आणि तिथून लोखंडी नांगर शेतोशेती पोचले. त्यांना जागा देणारे औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. औंधच्या टेकडीवरचे त्यांचे संग्रहालय 1938 चे. गोठ्यामागे पडलेल्या नांगराला आपल्या भागात असा चित्रकलेचाच वारसा आहे. म्हणून तो नीट रंगवावा.

बहुतेकांचे चुकते ते एकाच ठिकाणी : गंज सगळीकडे सारखा लावला जातो. फाळ मातीत घासून गुळगुळीत झालेला असतो, तिथे गंज पातळ बसतो. बोल्ट आणि सांध्यांत पाणी साचते, तिथे जाड पापुद्रे धरतात. मुठीला हातांची झिलई असते.

जलरंगासाठी कागद जाड, 300 जीएसएमचा (चौरस मीटरला 300 ग्रॅम), खरबरीत पोताचा घ्यावा. उजेडाच्या जागा कोऱ्या सोडून बाकी लोखंडावर रॉ सिएना या पिवळसर तपकिरी रंगाचा पातळ वॉश (पाणीदार थर) द्यावा. कागदावरची ओली चमक जाऊ लागली की सांध्यांपाशी तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना सोडावा. कुंचल्यात कागदापेक्षा जास्त पाणी असेल, तर रंग ढकलला जाऊन फुलकोबीसारखे डाग पडतात. सावलीला काळा रंग घेऊ नये, लोखंड कोळशासारखे मेलेले दिसते. त्याऐवजी बर्न्ट सिएनात अल्ट्रामरीन हा गडद निळा मिसळावा. वाळल्यावर जवळजवळ कोरडा कुंचला आडवा फिरवला की पापुद्रे उठतात. गंजाचे ओघळ मात्र शेवटी, नांगर वर्षानुवर्षे ज्या बाजूवर पडून होता त्या बाजूकडेच उतरवावेत. चित्रासाठी तो उचलून उभा केला असेल, तर ओघळ आडवेच दिसायला हवेत.