गरम झाली की बंद, थंड झाली की सुरू

मे महिन्यात घोडबंदर रोडच्या कोंडीत जुनी पेट्रोल गाडी बंद पडली की हल्ली पहिला संशय पेट्रोलमध्ये मिसळलेल्या वीस टक्के इथेनॉलवर जातो. इथेनॉलवर आक्षेप घ्यायला जागा आहे. लिटरमागे त्यात पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळे मिश्रणात सहा-सात टक्के घट येते, आणि जुन्या रबरी नळ्या त्याने खराब होऊ शकतात. पण चालती गाडी क्षणात बंद पडून अर्ध्या तासाने आपोआप सुरू होत असेल, तर आधी क्रँक सेन्सर तपासा. क्रँक म्हणजे पिस्टनांनी फिरणारा इंजिनचा मुख्य दांडा.

पिस्टन कुठे आहे हे ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला, कळतं ते या सेन्सरमुळे. आत एक चुंबक आणि त्याभोवती अतिशय बारीक तांब्याच्या तारेचे असंख्य वेढे. समोरून, साधारण एक मिलिमीटर अंतरावरून, दातेरी चाक फिरतं. दात जवळ आला की वेढ्यांतून जाणारं चुंबकीय क्षेत्र वाढतं, सरकला की घटतं, आणि प्रत्येक बदलाला व्होल्टेज निर्माण होतं. फॅरडेने १८३१ मध्ये शोधलेलं तत्त्व ते हेच. अनेक गाड्यांत चाकावर ६० दातांची जागा असते आणि त्यातले २ मुद्दाम गाळलेले असतात. ती फट आली की ईसीयूला क्रँकची नेमकी स्थिती कळते. ८०० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ८०० फेऱ्यांना, सेकंदाला व्होल्टेजचे साधारण ७७० ठोके मिळतात. ते थांबले की ईसीयू इंजिनच थांबलं असं धरतो आणि स्पार्क, इंजेक्टर, पंप सगळं बंद करतो. म्हणूनच पुष्कळदा स्कॅनरवर बिघाडाचा कोडही सापडत नाही.

वर्षानुवर्षं तापून-निवून ही तार एखाद्या ठिकाणी तुटते. थंड असताना टोकं टेकलेली राहतात. गरम झाल्यावर भोवतीचं प्लास्टिक तांब्यापेक्षा जास्त प्रसरण पावतं आणि टोकं अलग होतात. निवल्यावर ती पुन्हा टेकतात. त्या अर्ध्या तासात कोणी लिंबू-मिरची बदललेली असते, कोणी पेट्रोलच्या पाइपवर ओलं फडकं टाकलेलं असतं, आणि श्रेय त्याला जातं. फडक्याचा उपाय कार्ब्युरेटरच्या गाड्यांतला, तिथे पाइपात पेट्रोलची वाफ अडायची. इंजेक्शनच्या पाइपात अनेक गाड्यांत तीनेक बार दाब असतो, तिथे पेट्रोल सहजासहजी उकळत नाही.

निदान आरपीएमच्या काट्यावरून सुरू करा. गाडी गिअरमध्ये घरंगळत असताना चाकं इंजिन फिरवत असतात. तरीही काटा एकदम शून्यावर पडला, तर ईसीयूला ठोके मिळत नाहीत. मात्र घोडबंदर रोडवरच्या गायमुखच्या चढावर असं झालं तर काट्याकडे नंतर बघा, आधी गाडी कडेला घ्या, कारण इंजिन बंद झालं की ब्रेकची मदत दोन-तीन दाबांपुरतीच उरते.

बंद पडल्या पडल्या सेन्सरचा प्लग काढून मल्टिमीटर ओहमवर लावा. दोन पिनांचा सेन्सर थंड असताना, म्हणजे ३० अंशांना, ९०० ओहम दाखवत असेल तर १०० अंशांना साधारण ११४० दाखवायला हवा, कारण तांब्याचा रोध अंशामागे ०.४ टक्क्याच्या आसपास वाढतो. 'ओएल' (मीटरच्या मापापलीकडचा रोध) आलं तर तार तुटली आहे. तीन पिनांचा असेल तर तो बहुधा हॉल प्रकारचा, म्हणजे पुरवठा लागणारा इलेक्ट्रॉनिक सेन्सर. त्यावर ही ओहमची चाचणी लागू होत नाही, त्याला पुरवठा आणि सिग्नल तपासावे लागतात. नवा बसवताना चुंबकाच्या टोकाला चिकटलेला लोखंडी कीस पुसा आणि वायर सायलेन्सरच्या नळीपासून लांब बांधा.

काटा न पडता गाडी आधी चढावर दम टाकत असेल तर दोष बहुधा इंधनाचा. रेलवर, म्हणजे इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवर, गेज लावून पूर्ण थ्रॉटलला दाब पाहा. तो घसरत असेल तर फिल्टर बदलण्याआधी पंपाच्या प्लगवर व्होल्टेज मोजा. बॅटरीवर १४ आणि पंपावर ११.५ असेल तर पंप बरा असू शकतो, जळकट रिले किंवा गंजलेला कनेक्टर वीज खातो आहे. टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो, त्यामुळे कायम रिझर्व्हवर गाडी चालवली की तो लवकर जातो.