प्रोव्होक

जपानमधील अल्पजीवी छायाचित्र-नियतकालिक व त्यातून निघालेली छायाचित्रणाची धारा. नोव्हेंबर १९६८, मार्च १९६९ आणि ऑगस्ट १९६९ असे त्याचे तीनच अंक टोकियोहून निघाले. समीक्षक कोजी ताकी, छायाचित्रकार-लेखक ताकुमा नाकाहिरा, छायाचित्रकार युताका ताकानाशी आणि कवी ताकाहिको ओकादा हे संस्थापक. दाइदो मोरियामा (जन्म १९३८) दुसऱ्या अंकापासून आले.

पार्श्वभूमी : अमेरिकेशी झालेल्या सुरक्षा कराराविरुद्ध १९६० मध्ये जपान पेटून उठला. १५ जूनला संसदेच्या आवारात पोलिसांशी झालेल्या झटापटीत एक विद्यार्थिनी मरण पावली, तरी कराराला मंजुरी मिळालीच. १९७० मध्ये त्याची पहिली मुदत संपणार होती. त्याआधीच्या दोन वर्षांत विद्यापीठे बंद पडली, व्हिएतनाम युद्धासाठी जपानी भूमीवरचे अमेरिकी तळ वापरले जात असल्याचा संताप वाढला आणि २१ ऑक्टोबर १९६८ च्या रात्री टोकियोच्या शिंजुकू स्थानकात दंगल झाली. प्रोव्होकचा पहिला अंक त्यानंतर काही दिवसांतच आला.

या धामधुमीला छायाचित्रकारांची वानवा नव्हती. हिरोशी हामाया यांनी १९६० चे आंदोलन जवळून टिपले होते, तर केन दोमोन यांच्या वास्तववादाचा आधीच्या पिढीवर मोठा पगडा होता. प्रोव्होकवाल्यांचे दुखणे वेगळे होते. लाठीमाराचे सुस्पष्ट फोटो रोज छापून येतात आणि काहीच बदलत नाही. मग तो फोटो सांगतो तरी काय? जे भाषेच्या पकडीत येत नाही, त्याचे तुकडे तरी कॅमेऱ्याने उचलावेत, अशी पहिल्या अंकातल्या निवेदनाची भूमिका होती. म्हणूनच या अंकांत मोर्चे शोधायला गेलेल्याच्या हाती फारसे लागत नाही. रात्रीचे रस्ते आहेत, हॉटेलच्या खोलीतली विवस्त्र स्त्री आहे, दुकानाच्या फळीवरचे डबे आहेत.

शैली : तिला जपानीत ‘आरे, बुरे, बोके’ म्हणतात, म्हणजे खरखरीत, हललेले, फोकस सुटलेले. व्ह्यूफाइंडरला डोळा न लावता, चालता चालता बटण दाबायचे; फिल्म नेहमीपेक्षा जास्त डेव्हलप करून रवा (चित्रातले बारीक कण) फोडायचा; प्रिंटमध्ये मधले करडे रंग मारून काळे-पांढरे उरू द्यायचे. मोरियामांनी उत्तरेतल्या मिसावा या अमेरिकी हवाईतळाच्या गावी १९७१ मध्ये काढलेला भटका कुत्रा हे या दृष्टीचे सर्वांत परिचित चित्र. कुत्रा पाठमोरा निघाला आहे आणि मान वळवून पाहतो आहे. अंगावरचा केस न् केस राठ, डोळ्यांत दबलेला राग. तो हिंस्र आहे की भेदरलेला, हे ठरवता येत नाही. १९६९ च्या ‘अपघात’ मालिकेत तर मोरियामांनी वाहतूक सुरक्षेच्या पोस्टरवरच्या मोटार अपघाताचाच पुन्हा फोटो काढला. ‘छायाचित्रणा, रामराम’ अशा अर्थाच्या १९७२ च्या पुस्तकात टाकाऊ फ्रेम, ओरखडे, धूळ, फिल्मच्या कडेची भोके असे सगळे आले. त्यानंतर ते बराच काळ खचलेले होते.

नाकाहिरा : या मंडळींत स्वतःच्या म्हणण्याची सर्वांत जबर किंमत मोजली ती नाकाहिरांनी. १९७१ च्या पॅरिस बिएनालेत (दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनात) ते रोज शहरभर फिरून काढलेले फोटो त्याच दिवशी धुऊन भिंतीवर लावत; आयोजकांशी वाजल्यावर त्यांनी ते स्वतःच उतरवले. त्याच वर्षी ओकिनावातल्या संपात एका पोलिसाचा मृत्यू झाला आणि वृत्तपत्रातल्या फोटोवरून एका तरुणावर खटला भरला गेला. तो पोलिसाला मारत होता, असे फिर्यादी पक्ष म्हणे. आग विझवत होता, असे बचाव पक्ष. पुढे वरच्या न्यायालयात तो सुटला. फोटो पुरावा असतो का, हा प्रोव्होकचा प्रश्न इथे थेट माणसाच्या मानेवर आला होता आणि नाकाहिरा त्या खटल्यात मनाने गुंतले.

दरम्यान ही धूसर शैली फॅशन होऊन बसली. जपानी रेल्वेने १९७० मध्ये सुरू केलेल्या ‘डिस्कव्हर जपान’ या पर्यटन मोहिमेच्या जाहिरातींतही हललेली छायाचित्रे झळकू लागली. बंडाचा इतक्या लवकर माल झालेला पाहूनही मोरियामा शैलीला चिकटून राहिले; नाकाहिरांनी ती मोडीत काढली, हे त्यांचे मोठेपण मानावे लागेल. १९७३ च्या लेखनात त्यांनी आपली जुनी काव्यमय छायाचित्रे नाकारली. वनस्पतिकोशातल्या चित्रासारखा भावनाशून्य, स्वच्छ फोटो हवा, असे ते म्हणू लागले आणि आपल्या बहुतेक निगेटिव्ह त्यांनी जाळून टाकल्या. १९७७ मध्ये अतिमद्यपानाने विषबाधा होऊन त्यांची स्मृती व भाषा मोठ्या प्रमाणात गेली.

समकालीन : मासाहिसा फुकासे प्रोव्होकच्या गटात नव्हते, पण खासगी पडझडीला त्यांनी दिलेले रूप याच काळातले. पत्नी योकोपासून विभक्त झाल्यावर ते होक्काइदोत व अन्यत्र वर्षानुवर्षे कावळे टिपत राहिले. ‘कावळे’ हे पुस्तक १९८६ मध्ये निघाले. १९९२ मध्ये मद्यालयाच्या जिन्यावरून पडून त्यांच्या मेंदूला इजा झाली. ते २०१२ मध्ये वारले.

प्रभाव : न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९७४ मध्ये नव्या जपानी छायाचित्रणाचे प्रदर्शन भरवले, त्यात मोरियामा व फुकासे होते. प्रोव्होकवरचे मोठे प्रदर्शन २०१६-१७ मध्ये व्हिएन्ना, पॅरिस, शिकागो इथे फिरले. नाकाहिरा आजारातून उठून पुन्हा फोटो काढू लागले होते. योकोहामाच्या आसपासची झाडे, मांजरे, उघड्यावर झोपलेली माणसे हे त्यांचे विषय. तेही भर उजेडात, रंगीत आणि नीट फोकसमध्ये. २००३ मध्ये योकोहामा कला संग्रहालयाने त्यांचे मोठे प्रदर्शन भरवले. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले.