पार्श्वभूमी : दाई कोणत्या रकान्यात?

मराठवाड्यात निजामी राजवटीत दवाखाना ही शहरगावची गोष्ट होती आणि 1948 नंतरही बरीच वर्षं तसंच चाललं. औरंगाबादला 1956 साली वैद्यकीय महाविद्यालय निघालं, सत्तरच्या दशकात अंबाजोगाईला. वाडी-तांड्यावरचं बाळंतपण मात्र सुईणीच्याच हाती राहिलं. ही सुईण अनेक गावांत मातंग समाजातली असे. मोबदला म्हणून पायलीभर जोंधळे आणि एखादं लुगडं.

तेव्हा नाळ विळ्यानं किंवा खुरप्यानं कापत, वर राख नाहीतर शेण लावत. पाचवीला सटवाई पुजायची, त्याच सुमारास एखादं बाळ दूध ओढेनासं होई, जबडा आवळत जाई. धनुर्वात होता तो. दोष सटवाईच्या माथी जाई. पुढे सरकारनं दायांना प्रशिक्षण दिलं, हजार वस्तीमागे एक दाई असं उद्दिष्ट ठेवलं. सोबत पिशवी दिली : साबण, कोरं ब्लेड, दोरा, खाली अंथरायला प्लॅस्टिक. हात, जागा, ब्लेड, दोरा आणि नाळेचं टोक या पाच गोष्टी स्वच्छ, एवढाच धडा. नवजात बाळांच्या धनुर्वाताचं देशातून निर्मूलन झाल्याचं 2015 मध्ये जाहीर झालं. त्याचं मोठं श्रेय गरोदरपणातल्या लसीला आहे, हे खरंच. पण ब्लेडचं नाव कुणी घेत नाही.

मग वारं फिरलं. बाई दगावते ती रक्तस्रावानं, झटक्यांनी, मूल अडल्यानं. तिथं रक्त आणि शस्त्रक्रिया लागते, दाईचं कसब पुरत नाही, असा निष्कर्ष जगभर निघाला. तो चुकीचा नव्हता. 2005 मध्ये ग्रामीण आरोग्य अभियानासोबत जननी सुरक्षा योजना आली. दवाखान्यात बाळंत होणाऱ्या दारिद्र्यरेषेखालच्या किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या ग्रामीण बाईला महाराष्ट्रात 700 रुपये मिळू लागले. अट अशी की वय 19 पूर्ण हवं आणि मूल पहिलं किंवा दुसरं. बीड-परभणीकडं पोरींची लग्नं किती लवकर होतात हे ठाऊक असणाऱ्याला या अटीतून कोण गळणार ते वेगळं सांगायला नको. अट रद्द झाली ती 2013 मध्ये.

खरा गुंता ‘कुशल’ या शब्दात आहे. डॉक्टर, नर्स, एएनएम (उपकेंद्रातली परिचारिका) कुशल. दाई, प्रशिक्षित असली तरी, अकुशल. उपकेंद्राच्या मासिक अहवालात घरच्या बाळंतपणांसाठी दोनच ओळी उरल्या. पहिली कुशल व्यक्तीनं केलेल्यांची, दुसरीत प्रशिक्षित दाई, नातेवाईक इत्यादी. म्हणजे वीस वर्षं बाळंतपणं केलेली, पिशवी बाळगणारी बाई आणि घाबरून नुसती दारात उभी राहिलेली जाऊ, दोघी एकाच ओळीत. दाईला गावच्या आशा कार्यकर्तीची मदतनीस करता आली असती. त्याऐवजी प्रशिक्षणं आटत गेली आणि पिशव्याही.

आकडे नव्या धोरणाच्या बाजूनं बोलतात. राज्यात संस्थेतली बाळंतपणं 2005-06 मध्ये सुमारे 65 टक्के होती, 2019-21 मध्ये जवळपास 95. मातामृत्यूचं प्रमाण लाख जिवंत जन्मांमागे 2004-06 मध्ये 130 होतं, 2018-20 मध्ये 33 वर आलं. यात रस्ते, 2011 पासून सरकारी दवाखान्यातलं मोफत बाळंतपण आणि 2014 पासूनची 108 ची गाडी, सगळ्यांचाच हात आहे.

दवाखान्याबाहेर बाळंत होणाऱ्या उरलेल्यांत ऊसतोडीची बाई येते. उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, दिवाळीआधीच घेतलेली, नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ म्हणजे एकच मजूर-जोडी धरलेली, आणि खाडा झाला की पैसे कापले जाणार. गरोदरपणाची नोंद गावच्या उपकेंद्रात, तपासण्यांच्या तारखा कार्डावर, बाई तोवर सांगली-कोल्हापूर नाहीतर कर्नाटकातल्या उसाच्या फडावर. ऊसतोड बायकांचं गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून 2019 मध्ये बीडचं नाव गाजलं, तेव्हा चर्चा फडापर्यंत पोचली. बाळंतपणाचा विषय त्यात मागंच राहिला. रात्री कळा सुरू झाल्या तर आजही शेजारच्या खोपीतल्या म्हातारीला हाक मारतात. कोयता धुऊन घ्यायचा की ब्लेड आणायचं, हे तिला कुणी शिकवलं होतं की नाही, त्यावर बरंच अवलंबून असतं.