जर्मनीतला सक्तीचा आरोग्य विमा: दोन मर्यादांची पार्श्वभूमी

कामगारांसाठी सक्तीचा आजारपण विमा जर्मनीत १८८३च्या कायद्याने आला. हप्त्याचे दोन वाटे कामगार भरत, एक मालक. पुढे व्याप्ती वाढत गेली आणि १९९६पासून बहुतेकांना आपली क्रांकनकासं, म्हणजे हा सक्तीचा विमा देणारी संस्था, स्वतः निवडता येऊ लागली. नोकरीसाठी आज तिथे जाणाऱ्याचं भवितव्य मात्र २००३च्या एका निर्णयाने ठरतं.

२००२पर्यंत पगाराची एकच मर्यादा होती, वर्षाला ४०,५०० युरो. हप्ता तेवढ्याच रकमेवर बसे आणि पगार त्यापुढे गेला की सक्तीही सुटे. २००३मध्ये ही जोडी फोडली: हप्त्यासाठी ४१,४००, सुटकेसाठी ४५,९००. चांगला पगार असलेले तरुण खासगीकडे निघून जातात आणि आजारी, वयस्क मागे उरतात, हे सरकारी बाजूचं म्हणणं. खासगी विमावाल्यांनी याला गिऱ्हाईक तोडणं म्हटलं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. जे २००२अखेर खासगीत होते त्यांना खालचीच मर्यादा राहू दिली. झळ बसली ती नव्यांना, आणि परदेशातून येणारा तर नवाच. २००७मध्ये सलग तीन वर्षं पगार मर्यादेवर हवा, अशी अट आली. ती २०१०अखेर गेली.

२०२६साठी हे आकडे हप्त्यासाठी ६९,७५० आणि सुटकेसाठी ७७,४०० आहेत. ब्लू कार्डाला, म्हणजे कुशल परदेशी नोकरदाराच्या राहण्या-कामाच्या परवान्याला, सर्वसाधारणपणे वर्षाला ५०,७०० पगार पुरतो. त्यामुळे पुण्याहून स्थानिक (जर्मन कंपनीच्या) करारावर जाणाऱ्या बऱ्याच इंजिनिअरांना पब्लिक (कासंचा विमा) की प्रायव्हेट हा प्रश्नच नसतो. कोणती कासं, एवढंच ठरवायचं.

घोळ होतो तो सुटकेच्या मर्यादेच्या आसपास. जॉइनिंग बोनस, ओव्हरटाइम आणि कामगिरीवर अवलंबून असलेला व्हेरिएबल धरत नाहीत; दरवर्षी हमखास मिळणारा बोनस धरतात. ऑफर ७८,००० ची, पण त्यातले ६,००० व्हेरिएबल, तर सक्ती कायम. आपल्याकडच्या सीटीसीच्या, म्हणजे सगळं धरून पगार मोजण्याच्या, सवयीने इथे हिशेब चुकतो. पगार खरोखर मर्यादेपलीकडे असेल आणि जर्मनीतली ही पहिलीच नोकरी असेल, तर रुजू झाल्यापासून तीन महिन्यांत स्वेच्छेने पब्लिकमध्ये जाता येतं. मुदत हुकली की बहुधा प्रायव्हेटच, आणि तिथे बायकोमुलांचा हप्ता माणशी वेगळा. पब्लिकमध्ये उत्पन्न नसलेला जोडीदार आणि मुलं त्याच हप्त्यात येतात.

विमा नोकरीच्या पहिल्या दिवसापासून सुरू होतो, विमानातून उतरल्यापासून नाही. मधल्या दिवसांना प्रवास विमा लागतो. कासंकडे अर्ज करताना कराराची प्रत आणि रुजू होण्याची तारीख द्यायची. सदस्यत्वाची खबर कंपनीला इलेक्ट्रॉनिक पद्धतीने जाते. मुलांचे जन्मदाखले भाषांतरासह सोबत ठेवावेत. पालक असल्याचा पुरावा नसेल तर २३ वर्षांवरच्यांना शुश्रूषा विम्यात (दीर्घकाळच्या देखभालीसाठीचा वेगळा विमा) ०.६ टक्के जादा पडतात, पगाराच्या पावतीवर ते सहज नजरेतून सुटतं.

डेप्युटेशनचं गणित निराळं. पगार भारतातल्या कंपनीचा आणि मुदत ठरलेली, तर जर्मन सक्ती लागू होत नाही. २०१७मध्ये लागू झालेला भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार इथे कामाचा नाही, कारण आरोग्य विमा त्यात येत नाही. कंपनीने काढलेली पॉलिसीच लागते. पुढे तोच माणूस स्थानिक करारावर आला, तर त्या दिवसापासून वरचे सगळे नियम लागू होतात.