एचडी परस्परसंवादी वाहिन्या, निःशुल्क डिजिटल भूप्रसारणावरील

छतावरच्या अँटेनावर वर्गणीशिवाय मिळणाऱ्या डिजिटल दूरचित्रवाणीत उच्च चित्रस्पष्टतेच्या (एचडी), तसेच प्रेक्षकाला रिमोटवरून निवड करू देणाऱ्या वाहिन्यांची भर घालण्याची पद्धती. प्रस्तुत विवेचन मुख्यतः ब्रिटनमधील फ्रीव्ह्यू या सेवेस धरून केले आहे.

परस्परसंवादी दूरचित्रवाणीचा आरंभ कोठे धरावा, याविषयी मतभेद आहेत. अमेरिकेत सीबीएस या दूरचित्रवाणी जाळ्यावर १९५३–५७ दरम्यान दाखवल्या जाणाऱ्या ‘विंकी डिंक अँड यू’ या बालकार्यक्रमाला काही लेखक पहिला मान देतात. मुले पडद्यावर पारदर्शक प्लास्टिक चिकटवीत आणि गोष्टीतल्या पोराला पूल हवा असला, की खडूने तो काढून देत. यात प्रेक्षकाचा हात चाले. पण पडद्यावर पुढे काय येणार, ते मुळीच बदलत नसे. दुसरा पक्ष ओहायओ राज्यातील कोलंबस शहरी डिसेंबर १९७७ मध्ये सुरू झालेल्या ‘क्यूब’ या केबल सेवेचा. तिच्यात घरातून दाबलेल्या बटणाचा कौल खरोखर केंद्रापर्यंत पोहोचे. मात्र ती तारेवरची आणि सशुल्क होती. तिसरा पक्ष बीबीसीच्या ‘सीफॅक्स’ या मजकूरसेवेचा. ती २३ सप्टेंबर १९७४ रोजी सुरू झाली.

निःशुल्क भूप्रसारणापुरता तिसरा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. अँटेनाने संदेश येतो, परत जात नाही. सीफॅक्समध्ये सर्व पाने एकामागून एक अखंड प्रक्षेपित होत. प्रेक्षकाने क्रमांक दाबला, की संच ते पान फिरून येईपर्यंत थांबे आणि पकडून दाखवी. आजच्या डिजिटल सेवेतील माहिती जत्रेतल्या पाळण्यासारखी अशीच फिरती असते. निवड संचात होते, प्रक्षेपकाला तिचा पत्ताही नसतो. म्हणून एका प्रेक्षकाला चार सामन्यांतून एक निवडता यावा, तर चारही सामने सर्वांच्या घरी सतत पाठवावे लागतात. या विषयातील जवळजवळ सगळ्या अडचणी येथून निघतात.

फ्रीव्ह्यूचा प्रारंभ ३० ऑक्टोबर २००२ रोजी झाला. त्याआधीची आयटीव्ही डिजिटल ही सशुल्क भूप्रसारण सेवा त्याच वर्षी बुडाली होती. मजकूर, दुय्यम चित्रप्रवाह आणि पडद्यावरच्या याद्या यांसाठी ब्रिटनने एमएचईजी-५ हे मानक स्वीकारले होते. पुढे न्यूझीलंड व हाँगकाँग यांनीही तेच घेतले. ते १९९७चे, थोड्या स्मृतीच्या स्वस्त सेट-टॉप बॉक्सवरही चालणारे. प्रेक्षकाच्या दृष्टीने मात्र सारा मामला रिमोटवरच्या लाल बटणाचा. ते दाबले, की संच चालू कार्यक्रम सोडून त्याच किंवा दुसऱ्या मल्टिप्लेक्समधील (एकाच वारंवारता-पट्ट्यात एकत्र पाठवलेल्या वाहिन्यांच्या गठ्ठ्यातील) प्रवाहावर जातो. विम्बल्डनच्या दिवसांत दुसऱ्या कोर्टावरचा सामना असाच पाहता येई.

एचडीने या व्यवस्थेवर ताण आणला. डीव्हीबी-टी या डिजिटल भूप्रसारणाच्या जुन्या पद्धतीत एका मल्टिप्लेक्सची क्षमता ब्रिटनमध्ये सेकंदाला सुमारे २४ ते २७ मेगाबिट असते. डीव्हीबी-टी२ या नव्या पद्धतीत तेवढ्याच ८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ४० मेगाबिट मावतात. याचे श्रेय अधिक दाट संकेतनाला (६४ ऐवजी २५६ बिंदूंच्या क्यूएएमला) आणि एलडीपीसी या प्रभावी त्रुटीदुरुस्तीला जाते. जोडीला एमपीईजी-२ ऐवजी चित्र अधिक आवळणारे एमपीईजी-४ संकोचन आल्यावर एका मल्टिप्लेक्सवर चार-पाच एचडी वाहिन्या बसू लागल्या. त्यासाठी बीबीसीचा ‘मल्टिप्लेक्स बी’ रिकामा करून त्यावरील वाहिन्या इतरत्र हलवल्या गेल्या. तांत्रिक आरंभ डिसेंबर २००९ मध्ये लंडनचे क्रिस्टल पॅलेस व वायव्य इंग्लंडमधील विंटर हिल या प्रक्षेपकांवरून झाला. औपचारिक उद्‌घाटन मार्च २०१०चे. दोन्ही वर्षे दिलेली आढळतात; प्रक्षेपणाचा विचार करता पहिले अधिक योग्य ठरते. जुन्या बॉक्सवर या वाहिन्या दिसत नसल्याने प्रेक्षकांना नवा संच घ्यावा लागला. न्यूझीलंडला हा प्रश्न पडला नाही: तेथील भूप्रसारण २००८ मध्ये एमपीईजी-४ व एचडीनेच सुरू झाले.

याच काळात एक वाद गाजला. कार्यक्रम-मार्गदर्शिकेची माहिती हफमन संकेतनाने (वारंवार येणाऱ्या अक्षरांना आखूड संकेत देण्याच्या रीतीने) आवळावी आणि ती उलगडण्याची सारणी नक्कल-नियंत्रण पाळणाऱ्या उत्पादकांनाच द्यावी, असा बीबीसीचा प्रस्ताव होता. परवानाशुल्कावर चालणाऱ्या प्रसारणाला आडमार्गाने कुलूप लागते, हा विरोधकांचा आक्षेप. नियामक ऑफकॉमने जून २०१० मध्ये परवानगी दिली. आक्षेपात तथ्य होते. सारणीविना मुक्त आज्ञावलींवर चालणारे संच अडचणीत येत होते.

२०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये उपग्रह व केबलच्या प्रेक्षकांना बीबीसीने २४ एचडी प्रवाह दिले. फ्रीव्ह्यूवर तेवढी जागाच नव्हती. अँटेनावाल्यांच्या वाट्याला थोडकेच आले. स्पर्धेनंतर लाल बटणामागचे प्रवाह इतर मंचांवरही कमी करण्यात आले. पुढे ६०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात एचडीसाठी तात्पुरते मल्टिप्लेक्स निघाले, पण ते २०२० व २०२२ मध्ये बंद झाले.

निवडीचा भार मग इंटरनेटवर गेला. परतीची वाट तेथे आयती मिळते, शिवाय मागितलेला प्रवाहच पाठवला जातो. ऑक्टोबर २०१५ मध्ये आलेला ‘फ्रीव्ह्यू प्ले’ हा या दिशेचा टप्पा; त्यात प्रसारण आणि इंटरनेट यांची सांगड घालणाऱ्या एचबीबीटीव्ही या युरोपीय मानकाकडे वळण घेतले गेले. पण ज्यांच्या घरी इंटरनेट नाही त्यांचे काय, हा प्रश्न खरा आहे. लाल बटणावरची मजकूरसेवा जानेवारी २०२० अखेर बंद होणार होती. दृष्टिबाधितांच्या संघटनेने विनंतिअर्ज दिल्यावर आदल्याच दिवशी तो निर्णय थांबवण्यात आला.

भारतात दूरदर्शनने २०१६ मध्ये १६ शहरांत डीव्हीबी-टी२ प्रक्षेपण सुरू केले. महाराष्ट्रातील मुंबई आणि औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) त्यांत होती. निःशुल्क डिजिटल वाहिन्यांचा मुख्य आधार मात्र डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने सुरू झालेली, आताची डीडी फ्री डिश ही उपग्रहसेवा होय.